1929 ची फोर्ड मॉडेल ए आणि चकचकीत क्रोम केलेलं डॅश पॅनल : एका फिनिशची पूर्ण केस

गाडी 1929 ची फोर्ड मॉडेल ए, फेटन बॉडी, म्हणजे वरून कापडी हूड आणि चार दारं. घर कोल्हापूरकडचं, गाडी आजोबांपासून घरात. आता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना मी काका म्हणतो, नाव इथे नको. काकांची मागणी साधी होती, नातीचं लग्न जवळ आलंय, वरातीत गाडी काढायची आहे, तर डॅशबोर्डवरचं मधलं पॅनल परत क्रोम करून दे आणि स्पीडोमीटरचे आकडे पुसट झालेत त्यावर नवे स्टिकर लाव. बाकी इंजिन, ब्रेक, टायर सगळं आधीच करून झालेलं. त्यांच्या दृष्टीने हे दोन-चार दिवसांचं किरकोळ काम होतं.

ज्यांनी ही गाडी आतून बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मॉडेल एच्या डॅशबोर्डवर सगळे गेज मधोमध एकाच छोट्या पत्र्याच्या पॅनलवर आहेत. वर पेट्रोलचा गेज, खाली स्पीडोमीटर, एका बाजूला अँमीटर म्हणजे करंट दाखवणारा गेज, दुसऱ्या बाजूला इग्निशनचा स्विच आणि मधे पॅनलवर उजेड पाडणारा छोटासा दिवा. बस एवढंच. पॅनल मधे असल्यामुळे डाव्या स्टिअरिंगच्या आणि उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत फारसा फरक पडत नाही, आणि ते आपल्या सोयीचं आहे, कारण आपल्याकडच्या गाड्या कॅनडाच्या फोर्डकडून उजव्या स्टिअरिंगच्या यायच्या. फोर्ड कंपनी ऑफ इंडिया 1926 ला सुरू झाली ती कॅनडाच्या फोर्डची उपकंपनी म्हणूनच, आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास इथे सुट्या भागांतून गाड्या जुळवल्या जायच्या. त्यामुळे अमेरिकेतल्या गाडीचं पॅनल समोर ठेवून आपल्या गाडीच्या पॅनलशी ताडून बघता येतं.

आता मुद्दा. हे पॅनल मुळात क्रोमचं नव्हतंच. मॉडेल ए 1927 च्या डिसेंबरात लोकांसमोर आली तेव्हा क्रोम प्लेटिंग, म्हणजे टाकीत करंट देऊन क्रोमचा थर चढवणं, हा धंदा म्हणून नुकताच उभा राहत होता. 1928-29 च्या गाडीचं रेडिएटर शेल, हेडलाइटच्या रिंगा हे सगळं निकल प्लेटिंगचं. 1930 च्या मॉडेलपासून ह्याच भागांना स्टेनलेस स्टील आलं. डॅश पॅनल पण निकलचं, आणि तेसुद्धा चमकणारं नाही तर बारीक रेषा मारलेलं, ज्याला सॅटिन म्हणतात ते. घरात रोज वापरातली जुनी चांदीची वाटी असते ना, घासून घासून मऊ झालेली, तिच्यावर जसा उजेड पसरतो तसा ह्या पॅनलवर पसरतो. रंग किंचित पिवळट, ऊबदार. क्रोमचा रंग निळसर असतो आणि त्यात समोरच्याचं तोंड दिसतं. दोन्ही शेजारी ठेवले की लहान पोरगं पण फरक सांगेल, पण एकटं क्रोमचं पॅनल बघितलं की सगळे म्हणतात वा काय मस्त ओरिजिनल ठेवलीय गाडी. हेच मला खटकतं. चमक म्हणजे ओरिजिनल असं डोक्यात इतकं घट्ट बसलंय की खरं ओरिजिनल फिनिश समोर आलं तर लोकांना ते झिजलेलं वाटतं.

काकांच्या पॅनलवर क्रोम कधी चढलं ते घरात कुणाला नीट आठवत नाही, त्यांच्या वडिलांच्या काळात कुठेतरी गाडी पेंटिंगला गेली होती तेव्हा बहुतेक. त्या कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्याकडे तेव्हा माहिती कुठून असणार, आणि गिऱ्हाईकाला पण चकचकीतच हवं होतं. पण आता त्याच क्रोमला जागोजागी फोड आले होते आणि खालून गंज डोकावत होता, त्यामुळे काहीतरी करणं भागच होतं.

मी काकांना लगेच नाही म्हटलं नाही. आधी पॅनल काढून नीट बघूया म्हटलं. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, मॉडेल एचं पॅनल काढायच्या आधी बॅटरीची वायर सोडवायचीच. ह्या गाडीला 6 व्होल्टची सिस्टीम आहे आणि बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला अर्थ केलेलं असतं, आणि स्टार्टर वगळला तर गाडीचा बहुतेक सगळा करंट त्या अँमीटरमधून जातो. अँमीटरच्या मागचे दोन स्क्रू उघडे असतात. पॅनल पुढे ओढताना त्यातला एक पत्र्याला टेकला की ठिणगी उडते, आणि मॉडेल एची पेट्रोलची टाकी नेमकी डॅशबोर्डच्या मागेच आहे, पेट्रोलचा गेज सरळ त्या टाकीत बसवलेला आहे. बाकी तुम्ही समजून घ्या.

पॅनल काढलं आणि खिडकीपाशी नेऊन तिरक्या उजेडात धरलं. समोरून बघितलं तर नुसतं क्रोम, पण कडेला जी उठावाची पट्टी आहे तिच्या आतल्या खाचेत बफिंगचं, म्हणजे घासून चमक आणायचं कापडी चाक पोचत नाही. तिथे क्रोमच्या खालून अगदी बारीक, एकाच दिशेने गेलेल्या रेषा दिसत होत्या. प्लेटिंगचं असंच असतं, खालच्या धातूवर जे ओरखडे असतील ते वरच्या थरावर थोडेफार उमटतातच. म्हणजे क्रोम करणाऱ्याने मधला सपाट भाग बफ मारून गुळगुळीत केला होता पण खाच तशीच राहिली होती. पाठीमागच्या बाजूला तर अजून गंमत, तिथे क्रोम चढलंच नव्हतं. क्रोमच्या टाकीत करंट आडोशाच्या जागी नीट पोचत नाही, त्यामुळे मागचा भाग, खोबणी, वाकलेल्या कडा बहुतेक वेळा क्रोमशिवाय राहतात. म्हणून कुठल्याही जुन्या भागाचं मूळ फिनिश शोधायचं असेल तर समोर बघायचं नाही, पाठ आणि खाचा बघायच्या.

तरी एवढ्यावर विसंबून पुढे जायचं नव्हतं. मुंबईत एका मित्राकडे चोर बाजारातून, मटन स्ट्रीटवरून घेतलेलं असंच एक सुटं पॅनल पडलेलं होतं, अर्धं गंजलेलं, भोकं वाकडी झालेली, गाडीला लावायच्या लायकीचं नाही म्हणून कुणी हात लावला नव्हता. ते आणलं. मळ, ग्रीस आणि जुन्या सिगरेटच्या धुराचा थर रॉकेलच्या बोळ्याने काढला आणि एका कोपऱ्यात साधारण रुपयाच्या नाण्याएवढी जागा मिळाली जिथे मूळ निकल शाबूत होतं. रेषा त्याच दिशेने, रंग तोच पिवळट. काकांच्या पॅनलच्या खाचेतल्या रेषांशी भिंग लावून जुळवून बघितलं, जाडीत पण फरक वाटला नाही. इथे माझी खात्री झाली. आणि ते गंजकं पॅनल पुढे सगळ्या कामात आमचं माप झालं, ह्या रंगाला आणि ह्या रेषेला जुळलं पाहिजे.

मग काकांशी बोलणं झालं. ते काय सोपं नव्हतं.

काका म्हणाले, "अरे पण लोक म्हणतील पैसे कमी पडले म्हणून पॉलिश नाही मारलं." मी म्हटलं काका, तुमच्या आजोबांनी गाडी घेतली तेव्हा त्यांना जे पॅनल दिसलं ते हे होतं, चकचकीत नव्हतं. त्यावर ते थोडे गप्प झाले पण गळी उतरलं नव्हतं. शेवटी मी त्यांना दोन्ही पॅनल घेऊन भर दुपारी गाडीत बसवलं, हूड खाली. क्रोमच्या पॅनलवरून ऊन सरळ डोळ्यात येत होतं आणि गंजक्या पॅनलचा जो कोपरा साफ केला होता तो शांत. उघडी गाडी चालवणाऱ्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे, मला वाटतं उघड्या गाडीत मऊ फिनिशचा हा फायदा तेव्हाच्या माणसांनाही जाणवत असणार. काका म्हणाले, "व्हय, हे खरं आहे, मला दुपारी चालवताना कायम त्रास व्हायचा, मी म्हटलं वय झालं." त्यानंतर क्रोमचा विषय त्यांनीच बंद केला.

स्टिकरचा विषय मात्र बंद झाला नाही, त्यावर पुढे येतो.

आता काम. क्रोम उतरवणं हा भाग वाटतो तेवढा अवघड नाही. शोभेच्या क्रोमचा थर अगदी पातळ असतो, मायक्रोनच्या अर्ध्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि त्याच्या खाली निकलचा थर असतो, त्याच्याही खाली बऱ्याचदा तांब्याचा. लोकांना हे माहीत नसतं की आपण ज्याला क्रोम म्हणतो त्यातली गंजापासून वाचवणारी मुख्य मेहनत निकलच करत असतं, क्रोम वरून फक्त निळसर झाक आणि कडकपणा देतं. पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात पॅनल सोडलं की क्रोम विरघळतं, बुडबुडे येतात, पाणी हिरवं होतं आणि खालचं निकल उघडं पडतं. हे काम प्लेटिंगच्या कारखान्यातच करायचं, घरी बादलीत नाही. निकलचे क्षार आणि क्रोमचं सांडपाणी दोन्ही विषारी, गटारात सोडायची वस्तू नाही ती, ज्याच्याकडे सांडपाण्यावर प्रक्रिया करायची सोय आहे त्याच्याकडेच द्यावं.

क्रोम उतरलं आणि खाली जे निकल दिसलं त्यावरून मनात आलं की एवढ्यावरच बारीक रेषा मारल्या तर काम होऊन जाईल. पण दोन अडचणी. एक म्हणजे कडांना बफिंगमध्ये निकल घासून गेलं होतं आणि तिथे तांब्याची गुलाबी छटा दिसत होती, फोड आले होते तिथे तर सरळ पत्रा. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. हल्लीच्या निकलच्या टाकीत ब्रायटनर टाकलेले असतात, त्यामुळे माल टाकीतूनच चमकत बाहेर येतो. 1929 साली असं ब्राइट निकल बाजारात रुळलेलं नव्हतं, ते पुढे 1930 च्या दशकात आलं. त्याआधी निकल टाकीतून मंद, दुधी निघायचं आणि चमक हवी असेल तर बफ मारून आणावी लागायची. त्यामुळे आजच्या ब्राइट निकलवर कितीही रेषा मारल्या तरी रंग जास्त पांढरा दिसतो आणि रेषा वरवर कोरल्यागत उठून दिसतात, आत मुरत नाहीत. आम्ही भंगार पत्र्याच्या पट्ट्यांवर दोन्ही प्रकार करून बघितले, ब्राइट निकलवर रेषा आणि साध्या निकलवर रेषा, आणि सावलीत, उन्हात, बल्बच्या उजेडात त्या गंजक्या पॅनलशेजारी धरल्या. साध्या निकलची पट्टी शेजारी ठेवली तर कुठली जुनी कुठली नवी हे पटकन सांगता येईना. ठरलं.

प्लेटिंगवाले भाऊ आधी नाक मुरडत होते. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, ब्रायटनर न टाकता माल काढला तर राखाडी निघेल आणि मग गिऱ्हाईक बोंबलत येतं की खराब केलं म्हणून. शिवाय त्यांच्या सगळ्या मोठ्या टाक्यांमध्ये ब्रायटनर होतंच. मग एका छोट्या प्लास्टिकच्या टाकीत त्यांनी वेगळं पाणी तयार केलं, निकल सल्फेट, निकल क्लोराइड आणि बोरिक अ‍ॅसिड, बस. हे वॉट्स नावाच्या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने 1916 मध्ये दिलेलं मिश्रण आहे, एका लिटरला साधारण 240 ते 300 ग्रॅम सल्फेट, 30 ते 60 ग्रॅम क्लोराइड आणि 30 ते 40 ग्रॅम बोरिक, आणि पाणी 50 अंशाच्या आसपास गरम. शंभर वर्षं झाली तरी प्लेटिंगचे कारखाने ह्याच पायावर चालतात, वर फक्त ब्रायटनर आले. म्हणजे जुनं फिनिश आणायला कुठलं गुपित रसायन लागत नाही, नवीन जे टाकतो ते टाकायचं थांबवायचं.

एक बारकावा मात्र भाऊंनी सांगितला आणि तो फार कामाचा निघाला. जुन्या निकलवर नवीन निकल सरळ चढवलं तर ते पापुद्र्यासारखं सुटतं, कारण निकलवर हवेने लगेच एक न दिसणारा थर धरतो. म्हणून आधी आम्लात निकल क्लोराइड असलेल्या वेगळ्या पाण्यात थोडा वेळ करंट देऊन पृष्ठभाग जागा करावा लागतो, त्याला ते स्ट्राइक म्हणतात, आणि मधे सुकू न देता लगेच पुढच्या टाकीत. माल ओला असतानाच टाकीतून टाकीत गेला पाहिजे ह्यावर ते इतके कडक होते की पोऱ्या फोन घ्यायला थांबला तर त्याला ओरडले.

रेषा मारायचं काम मी हाताने केलं. मशीनचं ब्रश लावलं तर रेषा फार सरळ आणि फार सारख्या येतात, आणि उठावाच्या पट्टीपाशी वळतात. प्युमिस नावाच्या सच्छिद्र दगडाची बारीक पावडर, पाणी आणि नारळाच्या काथ्याचा घट्ट पुंजका, लाकडी पट्टी आधाराला धरून एकाच दिशेने, खाचेतल्या जुन्या रेषा ज्या बाजूला जात होत्या त्याच बाजूला. पॉलिश पेपर वापरायचा मोह होतो पण त्याने मधेच एखादी खोल रेघ उठते आणि ती मग काही केल्या जात नाही. मागे-पुढे घासायचं नाही, एकदा ओढायचं, उचलायचं, परत सुरुवातीपासून ओढायचं. वेळखाऊ आहे पण मन लागतं त्यात. पॅनल मधेमधे धुवून गंजक्या पॅनलशेजारी ठेवायचं, बघायचं, परत.

आता स्पीडोमीटर. ह्या गाडीवर स्टुअर्ट वॉर्नर कंपनीचा लंबगोल स्पीडोमीटर आहे, ज्यात काटा नसतो, आकडे छापलेला एक ड्रम फिरतो आणि छोट्या खिडकीतून वेग दिसतो. ह्याची बॉडी जस्ताच्या ओतीव धातूची, ज्याला पॉट मेटल म्हणतात. त्या काळच्या जस्तात शिसं वगैरे अशुद्धी राहून जायच्या आणि त्यामुळे धातू आतून कणाकणाने कुजतो, दमट हवेत जास्त, मग फुगतो, तडे जातात आणि शेवटी ड्रमला आवळून धरतो. काकांच्या स्पीडोमीटरला तडे होते पण ड्रम अजून मोकळा फिरत होता. ही फार नशिबाची गोष्ट आहे. असं असताना तो खोलायचा, ड्रम बाहेर काढायचा, जुनी छपाई खरवडायची आणि स्टिकर चिकटवायचे हे मला पटेना. एकदा खोलला की ती बॉडी परत त्याच मापात बसेल ह्याची हमी कोणी देऊ शकत नाही.

फक्त साफ करून बघायचं ठरलं. खिडकीची काच काढून कापसाच्या बोळ्याला डिस्टिल्ड वॉटर लावून शेवटच्या, न दिसणाऱ्या आकड्याच्या कडेला हलकेच टेकवला, आणि बोळ्यावर छपाईची शाई आली. तिथेच थांबलो. मग कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढली, काच आतून बाहेरून पुसली, आणि एवढ्यानेच आकडे बरेच वाचता यायला लागले, कारण अर्धा पुसटपणा शाईचा नव्हताच, काचेच्या आतल्या तेलकट थराचा होता. अँमीटरचं पण तेच, डायल पिवळी पडलीय ती तशीच ठेवली, फक्त काच साफ केली. बाजारात नवीन अँमीटर मिळतात, दिसतात पण छान, पण त्यांच्या आकड्यांचं वळण वेगळं असतं आणि एकदा डोळ्याला कळलं की ते कायम टोचत राहतं.

पेट्रोलच्या गेजकडे वेगळं लक्ष द्यावं लागलं. त्याचा फ्लोट कॉर्कचा, वरून लाखेचं वॉर्निश म्हणजे शेलॅक. आता आपल्या पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल असतं आणि शेलॅक इथेनॉलमध्ये विरघळतं, फर्निचर पॉलिश करणाऱ्या कुणालाही हे माहीत आहे. म्हणजे फ्लोट चिकट होणार, मग पेट्रोल पिऊन बुडणार, आणि विरघळलेली लाख कार्बोरेटरकडे जाणार. मूळ कॉर्क काढून पिशवीत नाव लिहून ठेवला आणि इथेनॉल सोसणाऱ्या मटेरियलचा नवा फ्लोट बसवला, गॅस्केट पण बदललं. हा भाग बाहेरून दिसत नाही आणि कधीही परत उलटवता येतो, म्हणून इथे हात आखडता घेतला नाही. जुन्या गाड्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, फीव्हा, तिच्या तुरिन चार्टरमध्ये पण साधारण हाच विचार आहे, आधी जपा, नाइलाज असेल तिथेच बदला, आणि बदललं ते कळेल असं लिहून ठेवा.

आपल्याकडच्या कायद्याचं म्हणाल तर 2021 च्या जुलैत केंद्र सरकारने 50 वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी व्हीए अक्षरांच्या नंबरची वेगळी नोंदणी आणली, त्यात गाडी मूळ रूपात असावी अशी अट आहे, पण ती चॅसी, बॉडी आणि इंजिनाबद्दल आहे. पॅनल निकलचं की क्रोमचं हे आरटीओत कोणी विचारणार नाही. म्हणजे हे सगळं मालकाच्या आवडीवर आणि त्याला कोण काय सांगतो त्यावर उरतं, म्हणूनच एवढं लांबलचक लिहितोय.

निकाल कसा आला? पॅनल नव्वद टक्के जमलं असं मी म्हणेन. उन्हात रंग गंजक्या पॅनलशी जुळतो, सावलीत आमचं किंचित उजळ दिसतं, ते वर्षभरात हवेने मंद होईल. फोड आले होते तिथे पत्र्याला बारीक खड्डे पडले होते, ते पूर्ण भरले नाहीत, भरायचे तर पत्रा खूप घासावा लागला असता आणि उठावाच्या पट्टीची धार गेली असती. दिव्याच्या टोपणावर अजून जुनं क्रोमच आहे, लग्नाच्या गडबडीत ते राहिलं, आणि आता पॅनल मऊ झाल्यावर ते टोपण उगाच डोळ्यावर येतं. पावसाळा संपला की ते करायचंय.

निकलचा एक तोटा काकांना आधीच सांगितला होता, ते क्रोमसारखं नुसतं पुसून वर्षानुवर्षं राहत नाही, दमट हवेत काळवंडतं. गाडी कोकणात नेली की खाऱ्या हवेत तर लवकर. त्यासाठी ब्रासो वगैरे काही लावायचं नाही, त्यातल्या घासणाऱ्या पावडरने रेषा जातील आणि चार दिवाळ्यांत परत गुळगुळीत पॅनल. संग्रहालयात वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स म्हणजे एक प्रकारचं मेण, ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेलं, त्याचा अगदी पातळ हात द्यायचा आणि सुती मऊ कापडाने रेषांच्या दिशेने पुसायचं. काकांनी ड्रायव्हरला समोर बसवून दोनदा म्हणून घेतलं, "आडवं पुसायचं, गोल नाही."

वरात झाली. गाडीकडे बघणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी काकांना विचारलं की पॅनलला पॉलिश राहिलं का, आणि काका आता प्रत्येकाला निकल आणि क्रोमचा फरक समजावून सांगतात, माझ्यापेक्षा जास्त जोरात. स्टिकरचं पाकीट मात्र त्यांनी परत केलेलं नाही, कपाटात ठेवलंय. पॉट मेटल फुगून स्पीडोमीटर एक दिवस अडकणार हे त्यांनाही कळतं, तेव्हा तो खोलावाच लागेल आणि तेव्हा जुनी छपाई ठेवायची का स्टिकर लावायचे ह्यावर आमचं अजून एकमत नाही. तोवर ड्रमचे सगळ्या बाजूंनी जवळून फोटो काढून ठेवलेत, शेजारी पट्टी ठेवून, म्हणजे आकड्यांचं वळण आणि माप कुठे हरवणार नाही.